पुरोगामी शहर बघायचं तर घनसावंगीहून बघा

पेटची तयारी करणाऱ्या, किंवा सिनॉप्सिस घेऊन गाईडच्या केबिनबाहेर बसलेल्या मित्रमैत्रिणींकडून एक वाक्य मी बऱ्याचदा ऐकतो. औरंगाबाद मुळात पुरोगामी शहर होतं, नंतर बिघडलं. टॉपिकही मग तसाच ठरतो: 'औरंगाबाद शहराची पुरोगामी जडणघडण', नाहीतर 'पुरोगामी शहर ते धर्मकेंद्री राजकारण : एक अभ्यास'. आरआरसीत असे टॉपिक पासही होतात. माझी तक्रार टॉपिकबद्दल नाही. त्या वाक्यातल्या 'मुळात' आणि 'नंतर' या दोन शब्दांबद्दल आहे. हे दोन शब्द गृहीत धरले की संशोधन सुरू व्हायच्या आधीच अर्धं उत्तर लिहून झालेलं असतं.

पुढे जाण्याआधी नावाचं सांगतो, कारण हा प्रश्न व्हायवात येतोच. शहर आता छत्रपती संभाजीनगर आहे, २०२३ पासून अधिकृतपणे. मी मात्र जुन्या काळाबद्दल लिहिताना त्या काळातल्या कागदांवर जे नाव आहे तेच वापरतो, म्हणून इथे बहुतेक ठिकाणी औरंगाबाद दिसेल. तुम्ही कोणतंही धोरण ठेवा, फक्त पहिल्या प्रकरणात ते एकदा स्पष्ट लिहा.

आता 'पुरोगामी' म्हणण्याला आधार काय ते बघू. आधार आहे, आणि चांगला भक्कम आहे. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये झालं, तेही हैदराबादला आणि उर्दू माध्यमाचं. मराठवाड्यातल्या मराठी पोराला पदवीपर्यंत शिकायचं तर घर सोडून लांब जावं लागे. अशा भागात डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. परिसराला नाव मिळालं नागसेनवन. राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्यातली प्रश्नोत्तरं बौद्ध परंपरेत प्रसिद्ध आहेत, म्हणजे कॉलेजच्या नावातच प्रश्न विचारणारा राजा आहे. १९५८ मध्ये विद्यापीठ आलं. मराठवाडा साहित्य परिषद होती, सरस्वती भुवन होतं, रफिक झकेरियांनी उभ्या केलेल्या शिक्षणसंस्था होत्या. 'मराठवाडा' हे दैनिक होतं आणि त्याचे संपादक अनंत भालेराव निजामाविरुद्धच्या लढ्यातून आलेले होते. प्रा. गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' याच शहरातून निघत होतं. दलित साहित्याचा इतिहास लिहिणारा कुणीही या नियतकालिकाला वळसा घालून जाऊ शकत नाही.

मतपेटीतूनही हेच चित्र दिसतं, असं कुणी म्हणू शकेल. १९५७ ला औरंगाबादने लोकसभेत स्वामी रामानंद तीर्थांना पाठवलं. १९७७ ला समाजवादी बापू काळदाते, १९८० ला उर्दू कवी काझी सलीम. एक संन्यासी स्वातंत्र्यसेनानी, एक समाजवादी वक्ता आणि एक शायर! खासदारांची अशी यादी असलेलं शहर स्वतःबद्दल थोडा अभिमान बाळगणारच. वली आणि सिराज यांच्यापासूनची दखनी शायरीची परंपरा त्याआधीची आहेच.

या सगळ्या पुराव्यात एक गोष्ट समान आहे, ती बघा. कॉलेज, विद्यापीठ, दैनिक, नियतकालिक, साहित्य परिषद. या सगळ्या लिहिणाऱ्यांच्या संस्था आहेत. शहराची ओळख या संस्थांनी तयार केली, आणि ती ओळख नोंदवून ठेवली तीही याच संस्थांनी. संशोधक अर्काइव्हमध्ये जातो तेव्हा त्याच्या हाती आधी यांच्याच फाईली लागतात. त्यामुळे 'शहर पुरोगामी होतं' हे वाक्य पुराव्यातून निघालंय असं आपल्याला वाटतं, पण बऱ्याचदा ते पुराव्यातलंच, शहराने स्वतःबद्दल लिहिलेलं वाक्य असतं.

ती ओळख खोटी होती, असं मला म्हणायचं नाही. उलट ती खरी होती म्हणूनच पुढचा प्रश्न अवघड होतो.

१९६९ चा 'मराठवाडा'चा दिवाळी अंक घ्या. दलित साहित्यावरची एक महत्त्वाची चर्चा त्यात छापून आली. तेव्हा मराठीतल्या फार थोड्या प्रतिष्ठित व्यासपीठांवर या विषयाला अशी जागा मिळत होती. आता नऊ वर्षं पुढे या. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं ही मागणी १९७७ मध्ये जोरात आली. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव केला. शरद पवारांचं सरकार येऊन तेव्हा जेमतेम दहा दिवस झाले होते. त्या ठरावाला विरोध करणाऱ्यांत तेच 'मराठवाडा' दैनिक होतं. तेच अनंत भालेराव होते आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामातले मोठे नेते गोविंदभाई श्रॉफही होते. एस. एम. जोशींसारखे समाजवादी नामांतराच्या बाजूने उभे राहिले, म्हणजे एकाच वैचारिक घरात उभी फूट पडली.

ठराव होताच औरंगाबादला विद्यार्थी रस्त्यावर आले, आंदोलन इतर शहरांत गेलं, आणि मग आग गावांत पोचली. अभ्यासांत साधारण १,२०० गावांना झळ बसल्याचा आकडा येतो. दलित वस्त्या जळाल्या, विहिरींची नासधूस झाली, हजारो लोक घर सोडून गेले. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. विद्यापीठाच्या कमानीवर कोणाचं नाव असावं या वादात ज्यांची घरं जळाली त्यातल्या बहुतेकांनी ती कमान कधी पाहिलीही नसेल.

विरोध करणाऱ्यांचा युक्तिवाद काय होता ते नीट वाचा. त्याची टर उडवून पुढे गेलात तर हातचा सगळ्यात चांगला पुरावा सोडाल. 'मराठवाडा' हे नाव म्हणजे या भागाची ओळख, निजामाशी झगडून मिळवलेली. १९५६ ला भाग द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, पण मागासलेपण संपलं नाही. १९७४ ला विकासाच्या मागण्यांसाठी मोठं आंदोलन करावं लागलं. प्रदेशाचं एकुलतं एक विद्यापीठ, आणि त्याचंही नाव मुंबईत बसून बदलणार? असा तो मुद्दा होता. त्यात जातीचा शब्द नाही. भाषा शांत, सभ्य, लोकशाहीची आहे. ती मनापासून मांडणारे लोक होते हेही मान्य करावं लागतं.

पण मग विचारायचं की ही 'मराठवाड्याची अस्मिता' म्हणजे नक्की कोणाची? मिलिंद महाविद्यालय विद्यापीठापेक्षा आठ वर्षांनी जुनं. या प्रदेशात उच्चशिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत ज्या माणसाचं नाव पहिल्या रांगेत येतं, त्याचं नाव प्रदेशाच्या ओळखीच्या विरोधात कसं काय उभं राहतं? विरोध करणाऱ्या सुशिक्षितांनी गावातली घरं जाळा असं सांगितलं, असं कुणी म्हणत नाही. मात्र गावातल्या ज्याला मनातला राग काढायचा होता, त्याला शहराने एक सभ्य कारण पुरवलं. शिष्यवृत्ती घेऊन शिकलेला, पायात बूट घालून गावात येणारा, मेलेलं ढोर ओढायला नकार देणारा, जोहार सोडून जयभीम म्हणणारा पोरगा डोळ्यांत सलत होताच. 'आमचा विरोध प्रदेशाच्या नावासाठी आहे' हे वाक्य त्या सलण्याला उपयोगी पडलं.

इथे मला एक अमेरिकन पुस्तक फार कामाला आलं. विल्यम चेफ या इतिहासकाराचं 'सिव्हिलिटीज अँड सिव्हिल राइट्स', १९८० चं. ते नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो शहरावर आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत, जिथे काळ्या माणसाला बसमध्ये मागे बसावं लागे, तिथे ग्रीन्सबरोची ख्याती उदारमतवादी शहर अशी होती. कॉलेजं भरपूर, वर्तमानपत्र समंजस, पुढारी मवाळ. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ग्रीन्सबरोच्या शाळा मंडळाने निकाल पाळण्याचा ठराव केला. शहराचं कौतुक झालं. प्रत्यक्षात शाळा खऱ्या अर्थाने एकत्र यायला १९७१ उजाडलं! मधल्या काळात, १ फेब्रुवारी १९६० ला, चार काळे विद्यार्थी वुलवर्थ दुकानाच्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसले आणि उठले नाहीत. चेफ म्हणतो ते थोडक्यात असं: शहराचं पुरोगामीपणाचं वलय हेच बदल लांबवण्याचं साधन झालं. आपण समजूतदार माणसं, वाद कशाला, चर्चा करू, घाई नको. या सभ्यतेत मागणी करणाराच असभ्य ठरतो.

वाचताना मला औरंगाबादच दिसत होतं, हे खरं. पण ती चौकट उचलून इथे चिकटवू नका. दोन मोठे फरक आहेत. एक म्हणजे ग्रीन्सबरोत संघर्ष शहरातच झाला. आपल्याकडे वाद शहरात आणि मार गावात असं झालं, त्यामुळे शहर आणि गाव यांच्यातली वाट तपासल्याशिवाय इथला अभ्यास पुरा होत नाही. दुसरं, इथे एक तिसरा समाज आहे जो नामांतराच्या गोष्टीत दिसतच नाही. औरंगाबाद हे मुसलमानांचं मोठं शहर. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद राज्यात मुसलमानांवर जो हिंसाचार झाला त्याची चौकशी पंडित सुंदरलाल समितीने केली आणि तिचा अहवाल कित्येक दशकं सरकारने प्रसिद्ध केला नाही. पुरोगामी मराठवाड्याची जी गोष्ट आपण ऐकत मोठे झालो, त्यात रझाकार आहेत, मुक्तिसंग्राम आहे, आणि हे प्रकरण बहुधा नाही.

आता घनसावंगीकडे येतो. माझा तालुका. बाहेरच्याला घनसावंगी म्हटलं की दोन गोष्टी आठवतात, समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आणि साखर कारखान्याभोवतीचं राजकारण. औरंगाबादच्या बौद्धिक इतिहासात आमचं नाव सापडणार नाही. पण १ मे १९८१ ला जालना जिल्हा वेगळा झाला, त्याआधी हा सगळा भाग अंबड तालुक्यासकट औरंगाबाद जिल्ह्यातच होता. म्हणजे १९७८ मध्ये ते 'पुरोगामी शहर' हेच आमच्या जिल्ह्याचं ठिकाण होतं. कोर्टाचं, कलेक्टरचं, कॉलेजचं, मोठ्या दवाखान्याचं काम म्हणजे औरंगाबाद. आज तर गंमतच आहे: जिल्हा जालना, लोकसभा मतदारसंघ परभणी, विद्यापीठ संभाजीनगरचं. तालुक्याचं राजकारण एकीकडे, शिक्षण दुसरीकडे.

घनसावंगीहून शहर कसं दिसत असेल? वस्तीतल्या पोराला ते मिलिंदच्या होस्टेलसारखं दिसत असणार, जिथे पंक्तीत वेगळं बसावं लागत नाही. पाटलाच्या पोराला ते विद्यापीठासारखं, नोकरीच्या यादीसारखं आणि त्या यादीत आपल्या गावच्या महारवाड्यातलं नाव आपल्या आधी लागल्यासारखं. शहराला दोघंही विद्यार्थीच दिसत होते. सुट्टीत दोघंही एकाच लाल डब्यातून गावी येत, पण उतरल्यावर एक वेशीच्या आत जायचा आणि दुसरा वेशीबाहेर. शहरातली समता गावात कशी पोचत होती, कुठे अडत होती, आणि शहरातला राग कोणत्या वाटेने येत होता, हे त्या एसटीच्या रस्त्यावर शोधावं लागेल.

जमिनीचा धागाही इथेच सापडतो. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५३ मध्ये मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. गायरानं कसण्याचा हक्क मागितला गेला. गायरान म्हणजे गावाची चराईची सरकारी जमीन, बहुतेक वेळा हलकी, मुरमाड. पण १९७६ ला जायकवाडीचं धरण पुरं झालं आणि पैठणच्या डाव्या कालव्याचं पाणी आमच्याकडच्या शिवारांत यायला लागलं. माझा अंदाज असा की पाणी येताच जमिनीची किंमत आणि जमिनीवरचा राग दोन्ही वाढले असणार. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय पुढे आला, तरी तो वाद गावोगाव अजून चालू आहे. गेल ऑम्व्हेट यांनी १९७८ मध्येच विचारलं होतं की हे वर्गयुद्ध आहे की जातयुद्ध. १९७९ मध्ये अत्याचार विरोधी समितीचा अहवाल इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत आला आणि दीपंकर गुप्तांनी या सगळ्या मांडणीशी वाद घातला. हे तीन लेख एकापाठोपाठ वाचा. नेट-सेटसाठी नव्हे, आपल्या तालुक्याला तो प्रश्न विचारून बघण्यासाठी.

नंतरचं थोडक्यात सांगतो. ११ नोव्हेंबर १९७९ ला जोगेंद्र कवाडे यांनी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च काढला. आंदोलन चालत राहिलं. अखेर १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचं नाव 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' झालं. सरकारी शब्द होता नामविस्तार. सोळा वर्षं मागणी नामांतराची होती आणि मिळाला विस्तार, म्हणजे दोन्ही बाजूंना आपलं नाव पाटीवर वाचता येईल असा तोडगा. तुमच्या प्रबंधात हे दोन शब्द अदलाबदल करून वापरू नका. कोण कोणता शब्द वापरतं याची मुलाखतींत नोंद ठेवली तरी एक प्रकरण होईल. १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर खेड्यापाड्यांतून जी गर्दी येते, तीही एकदा दिवसभर उभं राहून बघा. कपाळ टेकणाऱ्यांमध्ये विद्यापीठात कधीच न शिकलेली माणसं खूप असतात.

याच मधल्या काळात, १९८८ च्या महापालिकेच्या पहिल्या निवडणुकीत, शिवसेनेने ६० पैकी २७ जागा घेतल्या. त्याच वर्षी शहरात दंगलही झाली. १९८९ ला खासदारही सेनेचा. 'शहर बिघडलं' म्हणतात ते इथून. पण सेना नामांतराच्या विरोधात होती, आणि त्या विरोधाची भाषा, कार्यकर्ते, सभेला येणारा तरुण हे सगळं दहा वर्षं आधीच शहरात तयार होतं. प्रादेशिक अस्मितेच्या नावाने गोळा झालेला माणूस धार्मिक अस्मितेच्या सभेला जाऊन बसला, तर त्याने फार लांबचा प्रवास केला असं मला वाटत नाही. आणि निवडणुकीवरून संस्कृती ठरवायचीच तर २०१९ चं काय करणार? तेव्हा वंचित बहुजन आघाडीच्या साथीने एमआयएमचे इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी निवडून आले. शहर त्या वर्षापुरतं पुन्हा पुरोगामी झालं का? तेच मतदार, तीच गल्ली. तिरंगी-चौरंगी लढतीत थोडी मतं इकडची तिकडे होतात आणि आपण शहराचा स्वभाव बदलला म्हणून लेख लिहितो.

हा विषय कुणी घेणार असेल तर कामाचं सांगतो. जुलै-ऑगस्ट १९७८ ची वर्तमानपत्रं वाचाच, पण फक्त अग्रलेख नाही. आतल्या पानावरच्या गावाकडच्या बातम्या बघा, कोणत्या गावची बातमी दोन ओळींत संपवली ते बघा. मग शहर सोडा. तलाठ्याकडे गाव नमुना १-ई असतो, अतिक्रमणांची नोंदवही. त्यात गायरान कोण कसत होतं ते नावानिशी असतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रवेश-निर्गम रजिस्टर असतं. पन्नास-साठच्या दशकांत वस्तीतला पहिला मुलगा सातवीपर्यंत कधी पोचला, शाळा कधी सोडली, ते तिथे सापडतं. ही रजिस्टरं मागितली की 'कशाला पाहिजे?' हा प्रश्न येणार. विद्यापीठाचं पत्र सोबत ठेवा आणि चहाला नाही म्हणू नका.

मुलाखती घेताना मात्र जपून. १९७८ ला वीस वर्षांचे असलेले लोक आज सत्तरीत आहेत, म्हणजे वेळ फार नाही. पण ज्याचं घर जळालं आणि ज्याच्यावर जाळल्याचा संशय होता, ती दोन्ही कुटुंबं बहुतेक ठिकाणी अजून एकाच गावात राहतात, एकाच ट्रॅक्टरचं भाडं भरतात, एकमेकांच्या लग्नात जेवतातही. नावं छापू नका, गावाचं नावही टाळता आलं तर टाळा. आणि 'दंगल का झाली?' असं विचारू नका. त्याचं उत्तर सगळ्यांचं पाठ झालेलं असतं आणि ते पेपरातलंच असतं. त्याऐवजी विचारा की त्या आठवड्यात शहराहून गावात पहिली बातमी कोणी आणली, तो कुठे उतरला आणि आधी कोणाच्या ओट्यावर जाऊन बसला.